देवाचं सोडून

साधनाबाई भालेराव सायखेडा फाट्यावर बसमधून उतरल्या की आधी थांब्याच्या कट्ट्यावर पाच मिनिटं बसायच्या. गुडघ्यांना तेवढं लागायचंच. नाशिकच्या निमाणी स्टँडपासून तासभराची बस, बहुतेक वेळा उभ्यानं. पुढे शेअर रिक्षा, आणि रिक्षा सोडली की कॅनॉलच्या कडेनं दहा मिनिटांची पायवाट. वय बासष्ट. हे आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. कोणापाशी त्या बोलल्या नव्हत्या, पण आज बस चुकली तर बरं होईल, असं त्यांना घरातून निघताना दर वेळी वाटायचं. बस कधी चुकायची नाही.

एकतीस वर्षं त्यांनी सरकारी नर्स म्हणून काढली. पहिली बारा इगतपुरीकडे, जिथे पावसाचे चार महिने साडीचा काठ कोरडा म्हणून राहिला नाही. पुढची सगळी गोदाकाठच्या गावांत. लसी टोचल्या, बाळंतपणं केली, साप चावलेल्यांना जीपमधून नाशिकला नेलं. नवरा शांतवन पोस्टात होता. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, एक मुलगा ललित, आणि रविवारी सकाळी तिघांनी मिळून उपासनेला जायचं, असं ते आयुष्य होतं.

शांतवनभाऊ बोलके. पोस्टाच्या खिडकीशी रजिस्टर करायला आलेल्या माणसालाही ते प्रभू येशूविषयी दोन शब्द सांगायचे, आणि असे सांगायचे की माणूस रागवायचा नाही. पुढच्या वेळी तो त्याच खिडकीशी यायचा. साधनाबाईंना ते कधी जमलं नाही. विश्वास त्यांचाही पक्का होता, पण तो जिभेपर्यंत येता येता थकून जायचा. घरी पाहुणे आले की शांतवनभाऊ साक्ष द्यायचे आणि त्या आत चहा ठेवायच्या.

तीन वर्षांपूर्वी शांतवनभाऊ हृदयविकारानं गेले. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, सगळ्यांनी मनाशी धरून टाकलं की त्यांचं काम आता साधनाबाई पुढे नेणार. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी नाही म्हटलं नाही.

त्याच सुमाराला मंडळीला नवे पाळक आले, जोनाथन नावाचे. तिशीतला, मनाचा चांगला, सतत धावपळ करणारा माणूस. त्यानं प्रत्येकाला चार घरं वाटून दिली. "देवाला मानणाऱ्यांकडे सगळेच जातात, आंटी," तो म्हणाला. "जे कशालाच मानत नाहीत, त्यांच्याकडे जायला कोणी तयार नसतं. तुम्ही नर्स होता. तुम्हाला दार उघडतील."

दारं उघडलीही. इंदिरानगरात एक निवृत्त प्राध्यापक होते, ते तर वाटच बघायचे. साधनाबाई बसल्या की ते म्हणायचे, "हं, आधी सिद्ध करा." तासभर तेच बोलायचे. शेवटी साधनाबाई म्हणायच्या, "सर, मला सिद्ध नाही करता येत. मला माहीत आहे, एवढंच." मग ते समाधानानं मान डोलवायचे आणि निघताना हातावर दोन डाळिंबं ठेवायचे. सातपूरचे एक कामगार पुढारी त्या आल्या की टीव्हीचा आवाज वाढवायचे, पण खुर्ची द्यायचे. दोन घरांनी पहिल्या भेटीनंतर आतूनच "घरात कोणी नाही" असं सांगितलं. पाचवं घर बहिरू विधातेचं.

हे घर पाळकांनी दिलेलं नव्हतं. एकदा गणेशवाडीच्या फूलबाजारात त्यांना मागून कोणीतरी हाक मारली. बहिरूची सून वैष्णवी. तिचं बाळंतपण साधनाबाईंनी केलेलं होतं.

"मावशी, आमच्या आबांच्या पायाला जखम झालीय. शुगर हाय त्यांना. दवाखान्यात जायचं नाव काढत नाय. तुम्ही एकदा बघून जाता का?"

साधनाबाई गेल्या. बहिरू शेडमध्ये बाजेवर बसून झेंडूची फुलं निवडत होता. पासष्टीचा, काटक, बोलताना माणसाकडे न बघणारा. त्यानं बाईंच्या गळ्यातला बारीक क्रूस पाहिला आणि फुलं निवडता निवडताच म्हणाला, "तुम्ही ख्रिश्चन ना?"

"हो."

"पाय बघायचा तर बघा. पण देवाचं सोडून काय बी बोला. तुमचा देव नको, आन् आमचा बी नको. ह्या घरात तो विषय बंद हाय."

"बरं," साधनाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

घरात खरोखरच देव नव्हता. भिंतीत देवाचा कोनाडा होता, त्यात मोबाईलचे चार्जर आणि शेखरची, म्हणजे बहिरूच्या मुलाची, गाडीची कागदपत्रं ठेवलेली असत. आणि हा माणूस तीन एकरांत फुलं पिकवायचा. झेंडू, शेवंती, थोडी लिली. साधनाबाईंनी एकदा त्याबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "दसऱ्याला निम्म्या नाशकातल्या देवांच्या गळ्यात माझा झेंडू असतो. ते माझं गिऱ्हाईक हाय. मालक नाय."

जखम अंगठ्याच्या खाली होती, रुपयाएवढी आणि खोल. साधनाबाई ती सलाईनच्या पाण्यानं धुवायच्या, मेलेली कातडी काढायच्या, पट्टी बांधायच्या आणि सांगायच्या की अनवाणी चालू नका. बहिरू हो म्हणायचा आणि त्या वळल्या की अनवाणी रानात जायचा. जखम भरत यायची, पुन्हा उघडायची. असे आठ महिने गेले. बोलणं व्हायचं ते पावसाचं, फुलांवर पडलेल्या किडीचं, वैष्णवीच्या मुलीच्या शाळेचं. देवाचं एकदाही नाही. साधनाबाईंनी शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर तो पाळणं त्यांना सोपं जात होतं.

मंडळीत महिन्याला सगळे आपापल्या घरांविषयी सांगायचे. कोणी म्हणायचं, अमुक कुटुंब प्रार्थनेला तयार झालं. कोणाच्या घरी शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन सुरू झालेलं असायचं. साधनाबाईंची पाळी आली की त्या म्हणायच्या, "पट्टी केली."

"पट्टी चांगलीच गोष्ट आहे, आंटी," जोनाथन एकदा म्हणाला. "पण बी कधी पेरणार?"

"पाय बरा होऊ दे," त्या म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांना वाटलं, पाय बरा झाला तर आपण काय करणार आहोत? शांतवनभाऊंचा फोटो भिंतीवर होता. त्याच्याकडे न बघता त्यांनी भात लावला.

श्रावणातल्या एका गुरुवारी बहिरूनं आपणहून विषय काढला. साधनाबाई पट्टी सोडवत होत्या.

"बाई, एक इचारू? एवढ्या लांबून येता. गुडघे धरून चालता. एकदा बी देवाचं काढलं नाय. मंग येता कशाला?"

ह्या प्रश्नाला मंडळीत शिकवलेलं उत्तर होतं. दारच उघडलं होतं म्हणायचं. पण त्या दिवशी बसमध्ये त्या सबंध वाट उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यात काही येईना.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "सवय झाली. आणि तुमचा पाय कोणीतरी बघायला पाहिजे."

बहिरू हसला. त्याला हसताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मग शेडबाहेर बघत तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायला लागला.

"आमची मंडळी, कलाबाई. तिला फिट यायची. लग्नाच्या आधीपासनं. पहिली पंधरा वर्सं देवरुषी झाले, नवस झाले, कोंबडी बकरी झाली. म्हणल ते केलं. मंग सिव्हिलच्या डाक्टरानं गोळ्या दिल्या, त्यानं थांबलं. नऊ वर्सं एक फिट नाय. सकाळ-संध्याकाळ एक गोळी, बस्स."

साधनाबाईंनी कापूस पाण्यात बुडवला.

"सहा वर्सांखाली शेजारची बाई तिला सभेला घेऊन गेली. नाशिक रोडच्या बाजूला, मोठं मैदान होतं, तंबू लावला होता. तुमच्याच लोकांची सभा. बाहेरचा कोणी प्रचारक आला होता. त्यो म्हणला, हातात गोळी आन् तोंडात विश्वास, दोन्ही जमत नाय. ज्याचा विश्वास आसन त्यानं गोळ्या हितं आणून टाका. तिनं टाकल्या."

साधनाबाईंनी कापूस बदलला.

"घरी आली ती लय खुशीत आली. अकरा दिवस हसत होती, बाई. मी तिला इतकं हसलेलं कधी बघितलं नव्हतं. माझ्या बी मनात आलं, आसन बाबा काही. बाराव्या दिशी शेवंती तोडताना फिट आली. उठली न् परत आली. एकामागं एक, थांबनाच. शेखरनं पिकपमधी घातली. नाशिक यायच्या आत गेली."

शेडमध्ये फुलांवर मारायच्या पाण्याचा पंप चालू होता. बहिरू तो बंद करायला उठला नाही.

"दहाव्याला त्या सभेतले दोघं आले होते. एक म्हणला, तिचा विश्वास कमी पडला आसन. दुसरा म्हणला, देवाची मर्जी. त्या दिशी मी त्यांना हाकललं. आन् मंग घरात येऊन आमचे देव बी काढले. म्हणलं, तुम्ही तरी कुठं उठले तिच्यासाठी."

साधनाबाईंनी पट्टी पूर्ण केली. नेहमीपेक्षा जरा घट्ट बांधली गेली, ती सोडून पुन्हा बांधली. चहा न घेता त्या निघाल्या. वैष्णवीला वाटलं, आबांनी काही तोडून बोललं असेल.

साधनाबाई त्या सभेत होत्या.

मंचाच्या उजव्या बाजूला प्रथमोपचाराचं टेबल होतं, तिथे तिन्ही दिवस त्या बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रचारकांनी ते वाक्य म्हटलं आणि मंचापुढे ठेवलेल्या टोपलीत लोक गोळ्यांच्या पट्ट्या, बाटल्या, इन्सुलिनची पेनं टाकायला लागले. कोणी रडत, कोणी गात. टोपली भरली. मग एका कार्यकर्त्यानं ती त्यांच्या टेबलाशी आणून ठेवली. "सिस्टर, ह्याचं काय करायचं? तुम्हालाच कळेल." त्यांना कळत होतं. रक्तदाबाच्या, हृदयाच्या, शुगरच्या, फिटच्या, सगळ्या गोळ्या त्या रंगावरून ओळखत होत्या. त्यांनी एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत ते सगळं ओतलं, पिशवीला गाठ मारली आणि मैदानामागच्या कचऱ्यात टाकून आल्या.

संध्याकाळी त्या शांतवनभाऊंना म्हणाल्या होत्या, "हे बरोबर नाही. कोणाचं तरी काहीतरी होईल."

"मोठा माणूस आहे, पाहुणा आहे," शांतवनभाऊ म्हणाले होते. "आणि लोक काय वेडे आहेत का? घरी जाऊन आपापल्या गोळ्या परत आणतील."

साधनाबाईंनी ते मान्य केलं. मान्य करणं सोपं होतं. पुढच्या सहा वर्षांत त्यांना ती पिशवी अधूनमधून आठवायची, आणि दर वेळी त्या स्वतःला सांगायच्या की लोकांनी परत आणल्या असतील.

बस निमाणीला पोचली तेव्हा त्या घरी गेल्या नाहीत. तशाच दुसऱ्या बसनं इंदिरानगरला ललितकडे गेल्या. ललित अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मंडळीत येणं त्यानं कधीच बंद केलं होतं. नाताळला आईसाठी केक आणायचा, पण उपासनेला यायचा नाही. आईला अवेळी दारात पाहून तो घाबरला. त्याची बायको दीपमाला पाणी घेऊन आली. साधनाबाईंनी पाणी प्यायलं आणि सगळं सांगितलं, कलाबाई, टोपली, पिशवी.

ललित ऐकत होता. मग म्हणाला, "मम्मी, मी पाहिलं होतं तुला."

"काय?"

"मी सतरंज्या उचलायला होतो ना तिथे. तू ती पिशवी घेऊन मागे गेलीस. मला वाटलं, तू येऊन काहीतरी बोलशील. माईकवर नाही, पण पप्पांना, कोणाला तरी. घरी तू जेवायला वाढलंस आणि म्हणालीस, सभा छान झाली."

"म्हणून तू यायचा थांबलास?"

"तेच एक कारण नाही," ललित म्हणाला. "पण तेही आहे."

तो रागानं बोलत नव्हता, आणि तेच त्यांना जास्त जड गेलं. तीन वर्षं त्या परक्यांची दारं वाजवत होत्या. हे दार त्यांनी एकदाही नीट वाजवलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्या शेतावर गेल्या. सांगायचं ते पट्टी झाल्यावर सांगावं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण पाय मांडीवर घेतल्यावर त्यांना धीर निघेना.

"बहिरूदादा, त्या सभेत मी होते. गोळ्यांची टोपली माझ्याकडे आणून दिली होती. मी ती कचऱ्यात टाकली. मी नर्स होते, मला कळत होतं, आणि मी काही बोलले नाही."

बहिरूनं त्यांच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत बहुधा पहिल्यांदा थेट पाहिलं. माफ करा हा शब्द साधनाबाईंनी तयार ठेवला होता, पण तो त्या क्षणी अगदी फुकटचा वाटला.

"बांधून झाली का पट्टी?" बहिरूनं विचारलं.

"अर्धी राहिलीय."

"राहू द्या." त्यानं पाय ओढून घेतला. "वैष्णवी बांधंल. तुम्ही जा."

त्या गेल्या. परतीच्या पायवाटेवर त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

रविवारी उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा साधनाबाई उठल्या. आजवर त्या क्वचितच उठल्या होत्या, म्हणून सगळे कौतुकानं वळले. त्यांनी पाच मिनिटांत जे होतं ते सांगितलं. प्रचारकाचं नाव घेतलं नाही, स्वतःचं घेतलं. शेवटी म्हणाल्या, "मी प्रभूला मानते. गोळ्याही प्रभूनंच दिल्यात असं मी मानते. ते मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. सहा वर्षं उशिरा बोलतेय." आणि बसल्या. कोणी आमेन म्हटलं नाही. पेटीवाल्यानं जरा वेळ वाट पाहून पुढचं गीत सुरू केलं.

बाहेर जोनाथन त्यांच्याजवळ आला. "आंटी, हे आधी माझ्याशी बोलायला हवं होतं तुम्ही. बाहेरचे लोक आधीच आपल्यावर टपलेले असतात."

"तुमच्याशी बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?"

तो प्रामाणिक होता. थोडा विचार करून म्हणाला, "थांबा म्हटलं असतं."

"मी सहा वर्षं थांबलेच होते," साधनाबाई म्हणाल्या.

त्यानंतर मंडळीतल्या काही बायका त्यांच्या शेजारी बसेनाशा झाल्या. पण बुधवारी मंगलाबाई घरी आल्या. मंगलाबाई शांतवनभाऊंच्या वेळच्या, सभा कधी न चुकवणाऱ्या. चपला आत घेऊन त्यांनी दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "साधना, बीपीची गोळी मी दोन वर्षांपासून सोडलीय. परत सुरू केली तर प्रभू रागवेल का गं?" साधनाबाईंनी कपाटातून मशीन काढलं, रक्तदाब मोजला, आणि तसंच त्यांना रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं.

सोमवार-गुरुवार आता रिकामे होते. गुडघ्यांना आराम होता. साधनाबाईंना वाटलं होतं, बरं वाटेल. पण त्या दोन दिवशी सकाळी त्या तयार होऊन बसायच्या आणि मग पिशवी परत खुंटीला लावायच्या.

तीन आठवड्यांनी वैष्णवीचा फोन आला. "मावशी, आबांना ताप हाय. पायाची दोन बोटं काळी पडलीत. शेखर गाडी काढून उभाय, पण आबा बाजेवरनं उठंना. तुम्हाला बोलवा असं ते म्हणले नाय, मीच करतेय फोन."

ललित सुट्टीवर होता. तो गाडीनं त्यांना घेऊन गेला. शेडमध्ये वास येत होता. तो वास साधनाबाईंना ओळखीचा होता. बहिरूनं डोळे उघडले आणि तोंड भिंतीकडे केलं.

साधनाबाई बाजेच्या कडेवर बसल्या. "दादा, माझ्यावरचा राग ठेवा. तो जायलाच पाहिजे असं काही नाही. पण तो पायावर काढू नका. आज नाही गेलात तर गुडघ्यापासून जाईल. परवा कदाचित तुम्हीच जाल."

"गेलो तर गेलो."

"तिच्या वेळी गाडी होती, पण वेळ नव्हता," साधनाबाई म्हणाल्या. "आज दोन्ही आहेत."

बहिरूनं शेखरकडे हात केला.

सरकारी दवाखान्यात त्याची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. साधनाबाई चार दिवस दुपारी वॉर्डात बसायच्या, वैष्णवी घरी जाऊन येईपर्यंत. त्या स्वेटर विणायच्या, तो छताकडे बघायचा. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "त्या टोपलीत तिच्या गोळ्या होत्या का? आठवतंय?"

साधनाबाईंना नाही म्हणता आलं असतं. "फिटच्या गोळ्यांच्या चार-पाच पट्ट्या होत्या," त्या म्हणाल्या. "कोणाच्या ते माहीत नाही. तिच्या असतीलच."

त्यानं मान हलवली. "पांढऱ्या होत्या. पट्टीवर लाल अक्षर."

"हो. तशा होत्या."

"तुमच्या लोकांनी दोन सांगावे धाडले होते मला. तिचा विश्वास कमी पडला म्हणून, आन् देवाची मर्जी म्हणून. ह्यो तिसरा. ह्यो तेवढा खरा वाटतो." एवढं बोलून त्यानं कूस बदलली. ही क्षमा होती का, हे साधनाबाईंना कळलं नाही. त्यांनी ते समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. स्वेटरचे टाके मोजत राहिल्या.

सोमवार आणि गुरुवार पुन्हा सुरू झाले. आता कधीमधी ललित गाडीनं सोडायचा. साधनाबाई आत पट्टी करत असताना तो बांधावर उभा राहून शेखरशी ठिबकच्या नळ्यांविषयी बोलायचा. मंडळीत तो आला नाही, आणि त्यांनी त्याला म्हटलंही नाही. एकदा येताना तो म्हणाला, "तू त्या दिवशी मंडळीत बोललीस ते मला मंगलाबाईंच्या मुलानं सांगितलं." गाडी चालवत राहिला.

पौषात एका सकाळी जखम पूर्ण भरलेली होती. साधनाबाईंनी तरी पाय धुतला, पुसला, बुटात बघितलं. बहिरू आता बूट घालायचा. उन्हात बाज टाकलेली होती, वैष्णवीनं चहा आणून ठेवला.

"बाई," बहिरू म्हणाला, "तुमचे मालक गेले तवा तुम्ही देवाला काय म्हणलात?"

साधनाबाईंनी कप खाली ठेवला. "विषय बंद आहे ना?"

"मी इचारतोय. तुम्ही काढला नाय."

त्यांना शांतवनभाऊ आठवले. ते असते तर हे कसं मांडलं असतं, कुठलं वचन घेतलं असतं. तसलं काही त्यांच्यापाशी नव्हतं.

"काही म्हणाले नाही," त्या म्हणाल्या. "तीन महिने मी त्याच्याशी बोललेच नाही. सकाळी उठायचे, शास्त्र उघडून ठेवायचे आणि बाजूला भाजी निवडायचे. रविवारी जायचे, गायचे, पण आतून काही नाही. मग एक दिवस कपडे वाळत घालताना त्यांचा एक सदरा हाताला आला, राहून गेलेला. तेव्हा मी त्याला खूप बोलले. देवाला. गच्चीवर उभी राहून. जे तोंडाला येईल ते."

"आन् मंग?"

"मग काही नाही. त्यानं उत्तर दिलं नाही. पण कोणीतरी ऐकून घेतलं, असं वाटलं मला. रागवून निघून गेलं नाही. मी अजून मानते ती तेवढ्यावर. त्याच्याहून जास्त मला सांगता येत नाही, दादा. येशूविषयी पुस्तकात पुष्कळ आहे, ते वाचायचं तर वाचा. पण मला माहीत असलेलं एवढंच."

बहिरू बशीतला चहा थंड करत होता. "मी बोललो तर माझं कोण ऐकणार?" तो म्हणाला. विचारल्यासारखं नाही, नुसतं.

"मला वाटतं ऐकेल. पण ते मी तुम्हाला सिद्ध करून देऊ शकत नाही."

"नगं," तो म्हणाला. "सिद्ध करणारे लय बघितले."

कॅनॉलला पाणी सुटलं होतं, त्याचा आवाज येत होता. वैष्णवीची मुलगी शाळेचे बूट शोधत होती.

बहिरू आजही कशाला मानत नाही. विचारलं तर तसंच सांगतो. कोनाड्यात चार्जरच आहेत. पट्टीची गरज संपली, तरी साधनाबाई गुरुवारी जातात. सोमवार त्यांनी सोडला, गुडघे ऐकत नाहीत. कधी तो देवाचं काहीतरी विचारतो, कधी चार-चार आठवडे विचारत नाही. त्या विचारल्याशिवाय बोलत नाहीत. पौषातल्या त्या सकाळीही त्यांनी चहा संपवला, पिशवी उचलली, आणि उठताना गुडघा धरून जरा थांबल्या.

"सावकाश जा," बहिरू म्हणाला. "रिक्षा यायला टाईम हाय अजून."